गाळलेल्या जागा

(देवनहळ्ळी येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी तुम्हा देवनहळ्ळीकर मराठी मंडळींपैकी दोघांनी मला किल्ला दाखवला आणि नंतर पपनस सोलून खायला दिलं. इथल्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मला ठाऊक नव्हतं. ते खात मी वेणुगोपालस्वामींच्या देवळाच्या भिंती बघत होतो. त्यांवर रामायणातले प्रसंग आहेत, बाळकृष्णाचे खेळ आहेत. बघता बघता मनात आलं, की भिंत केवढी आणि रामायण केवढं! कोरणाऱ्याला किती गाळावं लागलं असेल. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते गुरुजी मराठीच्या तासाला फळ्यावर एक प्रश्न हमखास लिहीत असत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात: गाळलेल्या जागा भरा. आजचं माझं व्याख्यान म्हणजे तोच प्रश्न आहे. फक्त तो मी गुन्हेगारीच्या सिनेमाला विचारणार आहे.

विषय असा. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभरच्या गुंडपटांनी जुन्या पुराणकथा आणि आख्यायिका मोठ्या प्रमाणावर उचलल्या. आपल्याकडे महाभारत आलं, हाँगकाँग आणि चीनमध्ये 'तीन राज्यां'ची कथा आली, बंडखोरांची कथा आली. समीक्षक मंडळी मग जोड्या लावत बसतात. हा कर्ण, तो दुर्योधन, ही कुंती. जोड्या लावा हा प्रश्नही परीक्षेत असतोच, पण त्याला गुण कमी असतात. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो असं म्हणतात. आख्यान एकच, पण लावणारा ते कुठे ताणतो, कुठे उरकतो आणि कुठे साफ सोडून देतो, त्यावर त्याची परीक्षा होते. दिग्दर्शकालाही मी तीच लावतो. त्यानं मूळ कथेतून काय घेतलं हे पोस्टरवरसुद्धा कळतं. काय सोडलं ते मात्र शोधावं लागतं, आणि त्याचं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सुरुवात घरापासून करतो. 'अर्धसत्य', १९८३. दिग्दर्शक गोविंद निहलानी. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, नाव 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे आणि शीर्षक ज्या कवितेवरून आलं ती दिलीप चित्र्यांची. सिनेमा हिंदी, पण त्याच्या मागे उभी असलेली ही माणसं बघा. फौजदार अनंत वेलणकर, त्याची मैत्रीण ज्योत्स्ना गोखले, समोर रामा शेट्टी. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज न चढवता बोलतो आणि आपण खुर्चीत मागे सरकतो. वेलणकरला सांभाळून घेणारा एक वरिष्ठ इन्स्पेक्टर आहे, शफी इनामदारांनी केलेला. त्याचं नाव हैदर अली. ज्या गावाच्या १७४९च्या वेढ्यात खरा हैदरअली पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला आणि जिथे टिपूचा जन्म झाला, त्या गावात उभं राहून हे नाव घेताना मला गंमत वाटते. योगायोगच आहे, त्यातून काही निष्पन्न होत नाही.

'अर्धसत्य'मधली ती कविता चक्रव्यूहाबद्दल आहे. ज्योत्स्ना पुस्तक पुढे करते, वेलणकर हॉटेलात बसून मोठ्यानं वाचायला लागतो आणि वाचता वाचता त्याचा आवाज बदलतो. स्वतःचीच फिर्याद दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली सापडावी, तसा. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो त्या एका प्रसंगासाठीही देता आला असता.

आता मूळ कथा. अभिमन्यू सुभद्रेच्या पोटात असताना त्यानं अर्जुनाचं बोलणं ऐकलं, आई झोपी गेली आणि बाहेर पडण्याची युक्ती ऐकायची राहिली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला सांगतो ते साधं आहे: व्यूह फोडून आत जायला वडिलांनी शिकवलंय, संकट आलं तर बाहेर पडायला नाही. लोककथेनं दोष आईच्या झोपेवर टाकला. आपल्या लोककथांना ही खोड आहेच. तेंडुलकर-निहलानींनी मात्र तो बापाकडे परत नेला. वेलणकरला पुढे शिकायचं होतं. हवालदार असलेल्या बापानं त्याला मारून मुटकून पोलिसात घातलं. अमरीश पुरींचा तो बाप घरात बायकोवर हात उगारणारा आहे. म्हणजे आत जायला बापानंच शिकवलं, आणि बाहेर पडायची वाट बापाला स्वतःलाही ठाऊक नव्हती. सिनेमात हे कोणी बोलून दाखवत नाही. पण द्रोणपर्व हाताशी ठेवून बघितलं तर बापाचा प्रत्येक प्रसंग वेगळा दिसू लागतो.

आणि गाळलेलं काय? गाळलेला आहे तो दुसरा दिवस. महाभारतात अभिमन्यू पडतो तेव्हा अर्जुन प्रतिज्ञा करतो, सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन. ती तो पुरी करतो आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. 'अर्धसत्य'मध्ये कोणीही अर्जुन येत नाही. कोठडीत वेलणकरच्या हातून एक भुरटा चोर मरतो. ज्याच्याशी लढायचं त्याच शेट्टीच्या दारात मदत मागायला जायची वेळ त्याच्यावर येते. तो त्याचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. अभिमन्यू, अर्जुन आणि कौरवांच्या बाजूचा एक, अशा तिन्ही भूमिका एकाच फौजदाराला कराव्या लागतात. पानवलकरांच्या कथेचं नाव 'सूर्य' होतं. जयद्रथवधातही सूर्यालाच महत्त्व आहे. त्याबद्दल मी अधिक ताणत नाही, कारण ताणायचा मोह मला होतो आहे.

आता चीनकडे वळतो. 'पाण्याच्या काठी' अशा अर्थाच्या नावाची एक जुनी कादंबरी आहे. सोंग राजवटीतले एकशे आठ बंडखोर ल्यांगशानच्या दलदलीत अड्डा करून राहतात, त्यांची ही कथा. त्यांच्यातला एक लिन छोंग. शाही फौजेचा शस्त्रशिक्षक, सरळ, नाकासमोर चालणारा माणूस. बड्या अधिकाऱ्याच्या दत्तक मुलाची नजर याच्या बायकोवर जाते आणि मग खोटा आळ, हद्दपारी, जीव घेण्याचे प्रयत्न. शेवटी बर्फ पडत असताना हा भाला घेऊन डोंगराच्या वाटेला लागतो. चिनी नाट्यपरंपरेत लिन छोंगचं हे रात्रीचं पळणं फार गाजलेलं आहे.

ज्या झांगके नावाच्या चिनी दिग्दर्शकाचा 'अ टच ऑफ सिन' २०१३ साली आला आणि कान महोत्सवात त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. खऱ्या घडलेल्या हिंसक घटनांवरून बेतलेल्या चार कथा त्यात आहेत. पहिलीतला दाहाय हा खाणीत काम केलेला माणूस. गावची कोळशाची खाण कोणाच्या घशात गेली, नफा कुठे गेला, हे तो विचारत राहतो, तक्रारी करत राहतो आणि फावड्यानं मार खातो. गावात ऑपेरा चालू असतो आणि रंगमंचावर लिन छोंग असतो. दाहाय घरी जातो, बंदूक काढतो आणि वाघाचं चित्र असलेल्या कापडात गुंडाळून बाहेर पडतो. पुढचं तुम्हीच बघा. ज्यानं मुलाला रात्रभर तमाशाच्या फडात बसवलं आणि सकाळी त्याच्या हातातली काठी पाहिली, त्या बापाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

पण इथे काय गाळलं, तर ल्यांगशान. लिन छोंगला जायला जागा होती. तिथे एकशे सात साथीदार होते, झेंडा होता, जेवण होतं. दाहाय एकटा आहे, आणि खाण खणून काढलेल्या त्या प्रदेशात लपायला दलदलही नाही.

या कादंबरीतली एक जागा तर सिनेमाच्या फार आधी गाळली गेली होती. मूळ कथेच्या उत्तरार्धात बंडखोर बादशहाची माफी स्वीकारतात. मग त्यांनाच दुसऱ्या बंडखोरांवर सोडलं जातं, बहुतेक सगळे मरतात आणि त्यांच्या म्होरक्याला, सोंग ज्यांगला, विष दिलं जातं. चिन शंगथान नावाच्या विक्षिप्त, बुद्धिमान टीकाकारानं १६४१ साली काढलेल्या आवृत्तीत हा सगळा भाग छाटला. सत्तर प्रकरणांवर पुस्तक थांबवलं, शेवटी एक दुःस्वप्न जोडलं आणि हीच जुनी अस्सल प्रत असल्याचं ठोकून दिलं. पुढची अडीच-तीनशे वर्षं चीननं बहुतेक करून तेच पुस्तक वाचलं. बंडखोरांना माफी मिळू नये म्हणून त्यानं हे केलं असं काही अभ्यासक म्हणतात. त्यांना सरकारी नोकर होऊन मरताना बघायला नको म्हणून केलं असं दुसरे म्हणतात. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. ज्याचा बंडखोर सरकारी नोकरीत मरतो त्याच्यावर गुंडपट निघत नाही. 'अ टच ऑफ सिन' चीनच्या चित्रपटगृहांत लागलाच नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरी चिनी कथा ग्वान यूची. तीन राज्यांच्या कादंबरीत ल्यू बेइ, ग्वान यू आणि झांग फेइ हे तिघं पीचच्या बागेत शपथ घेऊन भाऊ होतात. रक्ताचं नातं नाही, वचनाचं. लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा ग्वान यू पुढे देव झाला. दुकानदार त्याला पुजतात. हाँगकाँगमध्ये टोळीवालेही पुजतात आणि पोलिसही. ठाण्यात त्याचा देव्हारा असतो, समोर उदबत्ती लावतात आणि मग त्याच देवाच्या दुसऱ्या भक्ताला पकडायला निघतात. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात दोन्ही बाजू भेटतात. 'सत्या'तला सूड गणेश विसर्जनाच्या गर्दीत उगवला जातो तो उगाच नव्हे. पण आपल्या गणपतीला कोणी साक्षीला बोलवत नाही. ग्वान यूला बोलवतात. ज्या झांगकेच्याच २०१८च्या 'अ‍ॅश इज प्युअरेस्ट व्हाइट'मध्ये जुगाराच्या अड्ड्यावर उधारीचा वाद निघतो. ऋणको म्हणतो, मी पैसे घेतलेच नाहीत. भाई म्हणतो, मूर्ती आणा. मूर्ती समोर येताच तो कबूल करतो. मुळात टोळी आपलं वेगळं न्यायालय मांडते, आणि त्या न्यायालयाला न्यायाधीश म्हणून देवच लागतो, कारण माणसांपैकी कोणावर कोणाचा भरवसा नसतो.

या देव्हाऱ्यातूनही एक गोष्ट गाळलेली आहे. याच ग्वान यूनं हारलेल्या शत्रूला, त्साओ त्साओला, हातात सापडलेला असताना सोडून दिलं होतं. सोडलं तर डोकं देईन असं लिहून देऊन तो मोहिमेवर गेला होता. पण कधीकाळी या शत्रूनं त्याला सन्मानानं वागवलं होतं, ते उपकार आडवे आले. म्हणजे इमानाचा हा देव एका बाजूच्या इमानासाठी दुसरीकडचं मोडून बसला आहे. हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'नं, २००२ साली, नेमकी हीच वेदना उचलली. पोलिसाचा माणूस टोळीत, टोळीचा माणूस पोलिसात, आणि दोघांनाही आपण कोणाचे ते आठवेनासं होतं. मूळ चिनी नाव बौद्धांच्या अवीचि नरकावरून आहे, जिथे यातनेत खंड पडत नाही. आपल्याच संस्कृतातल्या शब्दाचा अर्थ चिनी नावात शिरून टोळीयुद्धाच्या सिनेमाला जाऊन चिकटला. २००६ साली त्यावरून अमेरिकेत 'द डिपार्टेड' निघाला आणि त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. नावातला नरक मात्र बोस्टनपर्यंत पोहोचला नाही.

'अ‍ॅश'मध्ये अजून एक आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पीचच्या बागेत बाई नाही. शपथ पुरुषांची, भाऊपण पुरुषांचं. सिनेमात भाईला पोरं घेरून मारत असतात तेव्हा त्याची मैत्रीण छ्याओ गाडीतून उतरते आणि हवेत गोळी झाडते. बंदूक माझीच, असं पोलिसांना सांगून पाच वर्षं आत जाते. सुटते त्या दिवशी दाराशी भाई नसतो. बऱ्याच वर्षांनी तो लुळा होऊन चाकाच्या खुर्चीत परत येतो तेव्हा त्याला ठेवून घेते तीच. प्रेम उरलंय म्हणून ती हे करत नाही. ते सगळे पुरुष ज्या वचनाच्या गप्पा मारत होते, ते पाळणारी ती एकटीच राहिली आहे. छ्याओ झालेल्या झाओ ताओचा अभिनय बघण्यासाठी हा सिनेमा दोनदा बघावा. 'अर्धसत्य'मध्येही पुस्तक पुढे करणारी बाईच होती, पण तिला व्यूहात शिरू दिलं नाही. ते काम पस्तीस वर्षांनी चिनी दिग्दर्शकानं केलं, असं मी म्हटलं तर निहलानींचे चाहते माझ्यावर चिडतील. चिडू देत.

'दळपती'बद्दल थोडक्यात. मणिरत्नम, १९९१, रजनीकांतचा सूर्या म्हणजे कर्ण, मम्मूटीचा देवा म्हणजे दुर्योधन. त्यातलं 'राक्कम्मा' हे नाचाचं गाणं इथून फार लांब नसलेल्या मेलुकोट्याच्या रायगोपुरात चित्रित झालंय. या सिनेमानं कर्णाला जिवंत ठेवलं म्हणून सगळे बोलतात. मला खुपलं ते वेगळं. कर्णानं द्यूतसभेत द्रौपदीबद्दल जे उच्चारलं, ते इथे पार पुसून टाकलं आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'वर वाढलेल्या आपल्या मराठी मनालाही ती सभा नकोशीच वाटते. कर्णाला निष्पाप केलं की तो मोठा होतो असा एक समज आहे. तो लहान होतो.

आता तुमच्या राज्याकडे येतो, ज्यासाठी मी मुळात इथे यायला तयार झालो. 'गरुड गमन वृषभ वाहन', २०२१, राज बी. शेट्टी यांचा कन्नड चित्रपट. मंगळूरच्या मंगळादेवी भागातली दोन पोरं. एक हरी, तो रिषभ शेट्टी. दुसरा शिव, तो स्वतः दिग्दर्शक. गरुडावरून जाणारा आणि बैलावर बसणारा. हरीला व्यवहार कळतो, तो पसारा सांभाळतो. शिवाला कळतो तो फक्त हरी. तो मुलांबरोबर क्रिकेट खेळतो, मारायचं असलं की मारतो आणि वाघासारखा नाचतो. ते नाचणं पिलिवेषाचं आहे. तुळूत पिलि म्हणजे वाघ, आणि नवरात्रात मंगळूरच्या रस्त्यांवर अंग रंगवून हे वाघ निघतात. शिवाच्या अंगात पुराण कॉम्प्युटरनं घातलेलं नाही. ते रस्त्यावरच्या ताशातून आलं आहे.

त्रिमूर्तीतला तिसरा कोण? पोलीस. नाव ब्रह्मय्या. गोपालकृष्ण देशपांडे यांनी ही भूमिका केली आहे आणि ती माझ्या मते चित्रपटातली सर्वात कठीण भूमिका आहे. ब्रह्मय्या भित्रा आहे, बदली होऊन आलेला आहे, वरून आमदाराचा दाब आहे. त्याच्याजवळ ना त्रिशूळ ना चक्र. तो फक्त बोलतो, इकडचं तिकडे लावतो, आणि त्या लावालावीतून हरी आणि शिव यांच्यातलं वैर जन्माला घालतो. ब्रह्मा निर्माता असतो तो असा! पुराणात ब्रह्मा खोटं बोलला म्हणून शिवानं त्याचं एक मस्तक उडवलं आणि त्याची पूजा बंद पडली. सिनेमात ते मस्तक धडावरच आहे. शिक्षा गाळली आहे. देवळात पुजला न जाणारा देव सरकारी नोकरीत सुखरूप राहतो. चित्रपटभर रक्त सांडतं, पण मला भीती वाटली ती ब्रह्मय्याच्या सुटकेच्या सुस्काऱ्याची. शेवट मी सांगणार नाही.

असा गुंडपट मंगळूरच्या किनाऱ्यावरच का निघाला, याला माझ्यापाशी एक उत्तर आहे. तिथे यक्षगानाबरोबर ताळमद्दळे चालतं. वेष नाही, नाच नाही. भागवत पद्य गातो आणि कलाकार बसून पात्राची बाजू आयत्या वेळी रचलेल्या बोलण्यातून मांडतो. एखाद्या रात्री जरासंधाची बाजू इतकी बळकट मांडली जाते की कृष्णाला उत्तर सुचायला वेळ लागतो. खलनायकाची वकिली पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या लोकांना गुंडाची वकिली करायला हॉलिवूडकडे शिकायला जावं लागत नाही. आपल्या दशावतारातही संकासुराला हसण्यावारी नेतात, पण ऐकून घेतात. वगात राजाची हजामत करणारी आपली परंपरा मराठी गुंडपटात कुठे गेली, असा प्रश्न मला पडतो. 'वास्तव'मध्ये महेश मांजरेकरांनी आईच्या हातून मुलाला मारवलं, तेव्हा ती थोडी जागी झाल्यासारखी वाटली होती. ते १९९९ साल.

शेवटी दगडांबद्दल. इथल्या विमानतळावरून बेंगळूरु शहरात जाताना हेब्बाळ लागतं. तिथे इसवी सन ७५०च्या सुमाराचा कित्तय्या नावाच्या वीराचा शिलालेख आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला बेगूरला नवव्या शतकाच्या अखेरचा लेख आहे, त्यात बेंगळूरुच्या लढाईत पडलेल्या माणसाची नोंद आहे. म्हणजे या शहराचं नाव लिखित स्वरूपात आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते एका मारल्या गेलेल्या माणसाच्या निमित्तानं. आपण यांना वीरगळ म्हणतो, इथे वीरगल्लु. त्यांची ठरलेली मांडणी तुम्ही पाहिली असेल: खाली झुंज, मधे अप्सरा वीराला वर नेतात, सर्वात वर तो शिवलिंगापाशी बसलेला. कित्येकांवर गुरं असतात. गुरं राखताना पडलेला वीर आणि गुरं पळवताना पडलेला वीर, दगडावर दोघांचे चेहरे सारखेच दिसतात.

गुंडपटानं या तीन चौकटींपैकी खालची तेवढी ठेवली. अप्सरा वगळल्या, शिवलोक वगळला. वेलणकरला कोणी वर नेत नाही, दाहायला नाही. छ्याओला तर खालीच राहून खुर्ची ढकलायची आहे. वरच्या दोन चौकटी कोऱ्या ठेवून दिग्दर्शक दगड आपल्यासमोर उभा करतो. त्या भरायच्या की नाहीत हे प्रेक्षकानं ठरवायचं. घाईघाईनं भरणारे सिनेमेही भरपूर निघतात, त्यांत गाणं असतं आणि पांढरे कपडे असतात. त्यांच्याबद्दल मी आज बोललो नाही.

एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी बरेच जण इथे दहा-पंधरा वर्षं आहेत. विमानतळ २००८ साली सुरू झाला तेव्हापासूनचेही असतील. तरी भाजीवाल्याशी हिंदीत बोलता, हे मी सकाळी पाहिलं. 'गरुड गमन' बघा, पण कन्नडात बघा. डब केलेला नको. शिव फार कमी बोलतो, त्यामुळे सुरुवात करायला सोपा आहे. अडलंच तर शेजारच्या कन्नड घरातल्या कुणाला बोलवा, त्यांना पपनस द्या.